टोमॅटोला कॅल्शियम पाजलं तो हिवाळा

दिवाळी सरून थंडीनं जरा डोळे वटारले की माझा फोन तापायला लागतो. "ताई, उद्या पारा लई खाली जाणार म्हणत्यात, कॅल्शियम सोडू का आज?" बारामतीपासून इंदापूरपर्यंत हा एकच प्रश्न, वेगवेगळ्या तोंडांनी. मीही इतकी वर्षं एकच उत्तर देते. बाबांनो, वरातीमागून घोडं आणून काय करायचं? कॅल्शियम म्हणजे गोधडी नव्हे, थंडी वाजली की अंगावर ओढायला. ते आधी द्यायचं असतं, चांगलं ऊन असताना, झाड पाणी ओढत असताना, थोडंथोडं. मग ते पानाच्या पेशींत जाऊन बसतं, त्यांच्या भिंती घट्ट होतात, आणि थंडीची रात्र आली की झाडाला तिची चाहूल आतून लागते आणि ते स्वतःला सावरून घेतं. एवढं सांगून मी फोन ठेवते, आणि दहा मिनिटांनी दुसरा येतो, "ताई, आज सोडू का?" कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. लोक म्हणतात, म्हातारपणी बाई चिडकी झाली. चिडकी मी विशीतच होते. किती चिडकी होते आणि ती चीड कुणाला भोवली, ते आज लिहून टाकायचं ठरवलंय.

आमची वस्ती बारामतीहून इंदापूरकडं निघालं की कालव्याच्या खालच्या अंगाला. तीन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत एका बाजूला दुधाच्या किटल्या आणि दुसऱ्या बाजूला फवारणीचा पंप, त्याच्या वासातच आम्ही जेवायचो आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. हिवाळ्यात घराला आवाज फार. माळेगावच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघायचे, पोरं गाणी एवढी मोठ्यानं लावायची की किटल्यांची झाकणं थरथरायची. त्यांच्या मागं बैलगाड्या, त्यांच्या चाकांचं कुरकुरणं आणि घुंगरं. आईची चूल पहाटेच पेटलेली असायची, तिच्यावर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं. दुपारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा आणि चुलीत भाजलेलं वांगं. आमच्या घरात एक रीत होती. भाकरी कुणाला नुसती द्यायची नाही. दारात मागायला कुणी आलं तरी भाकरीवर कोरड्यास हवंच, निदान चटणीचा गोळा तरी. नुसती भाकरी वाढली तर तात्या ताटावरून उठायचे. ही रीत पुढं टोमॅटोच्या मुळावर येईल असं कुणाला वाटलं असतं?

तात्या म्हणजे माझे वडील. मराठी चौथी शिकलेले, अंगानं काटक, बोलायला थोडके. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, एमआयडीसीत कामाला, मोटारसायकलवरून जायचा-यायचा आणि घरी आला की शेतीवर मतं द्यायचा. मी शेतीची पदवी घेऊन नुकतीच घरी आले होते. पुण्याच्या एका बियाणे कंपनीचं नोकरीचं पत्र माझ्या पेटीत होतं. पण मला लोकांच्या रानात दुसऱ्याचं बियाणं विकत फिरायचं नव्हतं. मला आमच्या विहिरीजवळचं वीस गुंठे रान हवं होतं. ठिबक टाकायचं, वर मल्चिंगचा कागद अंथरायचा, तारा-काठीवर टोमॅटो चढवायचा, आणि वहीतलं सगळं मातीत करून बघायचं. दादाला तिथं ऊस हवा होता. "ऊस लावला की कटकट न्हाय," तो म्हणायचा, "टोमॅटो म्हंजी तान्हं लेकरू. रातचं उठून बघावं लागतंय." मी म्हणायचे, "तुला नसेल उठायचं, मी उठीन." शेवटी एका रात्री जेवताना तात्यांनी निकाल दिला. "संक्रांतीपर्यंत रान तुझं. थंडी निभली, माल निघाला, तर फुडंबी तुझंच, तू म्हणशील ती पिकं घे. न्हाय निभलं तर ऊस लावायचा आन् तू पुण्याला जायचं. मग रडायचं न्हाय." मी म्हणाले, "चालेल." उसाचं बेणं कुठून आणायचं तेसुद्धा दादानं तेव्हाच ठरवून टाकलं, म्हणजे बघा, माझ्यावर भरवसा किती होता.

रोपं दसऱ्याला लावली. छान रुजली. आणि पहिल्याच महिन्यात मी कॅल्शियमचा विषय काढला. तात्यांनी फावडं उचललं, बांधाला एक घाव घातला आणि मातीतून पांढरे खडे काढून माझ्या पुढ्यात टाकले. "ही काय हाय?" मी म्हणाले, "चुनखडी." "मग? अख्खं रान चुन्यानं भरलंय. आन् तू हितं इकत आणून चुना घालणार? मान्सं हसतील, बाय." खरं सांगते, त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी त्यांना सांगायला लागले की मातीतली चुनखडी म्हणजे दुकानातलं मीठ, दुकानात मीठ आहे म्हणून कालवण खारट होतं का? ते विरघळलेलं पाहिजे, मुळानं ओढलं पाहिजे, पाण्याबरोबर वर चढलं पाहिजे. शिवाय बाकीची खतं जुन्या पानातून नव्या पानात सरकतात, कॅल्शियम एकदा बसलं की बसलं, जागचं हलत नाही. म्हणून कोवळ्या शेंड्याला आणि फळाला ते सतत नवं लागतं. थंडी पडली की मुळं गारठतात, पाणी ओढत नाहीत, आणि ऐन गरजेला वर काही पोचत नाही. मी हातवारे करून सांगत होते आणि तात्या बिडी विझवून शांतपणे म्हणाले, "बरं. पर आर्ध्यालाच घाल. आदी बगू."

अर्ध्याला! वरच्या अंगाच्या दहा गुंठ्यांना वेगळा वॉल्व्ह होता, तेवढ्याला घालायचं, खालच्याला नेहमीचंच खत. कॉलेजात आम्ही यालाच प्रयोग म्हणायचो, अर्धं देऊन आणि अर्धं न देऊन बघायचं. पण तात्यांना प्रयोग करायचा नव्हता, त्यांना पिशव्या वाचवायच्या होत्या, आणि मला ते कळत होतं. तरी मी बारामतीहून कॅल्शियम नायट्रेटच्या पिशव्या एसटीच्या टपावर टाकून आणल्या. दर आठवड्याला एकदा, ऊन चढल्यावर, ड्रममध्ये विरघळवून वेंचुरीनं ठिबकच्या पाण्यात ओढून घ्यायचं, हे काम मी एकटीनं केलं. वेंचुरी म्हणजे नळीला जोडलेलं एक साधं तोटीसारखं साधन, ड्रममधलं खत पाण्याबरोबर खेचून घेतं. शेजारचे आबा बांधावरून जाताना रोज विचारायचे, "पाजला का चुना? आमच्यासाटी ठेव थोडा, पान खायला." पहिले दोन दिवस मी हसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आबा, तुमच्या टोमॅटोच्या बुडाला चुन्यावाचूनच काळे डाग पडलेत, तेवढे मोजत बसा." त्यानंतर आबांनी आठ दिवस वाट बदलली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी तेव्हा शिकले. हेच सगळं बाहेरगावच्या साहेबानं जीपमधून उतरून सांगितलं असतं तर आबांनी त्याला सरबत पाजलं असतं.

मार्गशीर्ष निम्मा झाला असेल. झाडं कमरेच्या वर गेली होती, पहिल्या गुच्छात फळं धरली होती. अशात दादाच्या कामावरचे दोन पाहुणे घरी आले. चहा झाला, रान बघायचं म्हणून सगळे बांधावर गेले. पाहुण्यांतला एक म्हणाला, "झ्याक हाय की प्लॉट. कुणाचं डोकं?" मी पुढं झाले, तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "पोरीची हौस हाय. करू दे दोन म्हयने. मग ऊसच हाय." पाहुणे हसले. दादा हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हौस! हौस म्हणजे काय, रांगोळी? तीन महिने मी उन्हात हात भाजून घेतले, तारा ओढताना तळव्याला घट्टे पडले, आणि माझ्या बापाच्या लेखी ती हौस! मी तिथून निघून आले आणि तात्यांशी बोलणं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. ताट वाढायचे आणि तोंड फिरवायचे. तात्या काही विचारू बघायचे, मी आईकडं बघून उत्तर द्यायचे. आई म्हणायची, "अगं, बापाशी काय वैर?" मी म्हणायचे, "त्यांनाच विचार." आता वाटतं, त्या आठ दिवसांत कुणीतरी मला एक सणसणीत थोबाडीत द्यायला हवी होती.

रेडिओवर थंडीची लाट येणार म्हणून सांगायला लागले, आणि त्याच दिवशी मी पिशवीत दोन कपडे भरून इंदापूरला मामाकडं निघून गेले. कारण असं काही नाही. घरात राहिले तर भांडण होईल असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे तात्यांना माझ्यावाचून अडलेलं बघायचं होतं मला. वरचं रान मी कॅल्शियम देऊन तयार केलेलं होतं, ते निभेल असा माझा हिशेब. आणि खालचं? मेलं तर मरू दे, तेव्हा तरी कळेल. इतकं वाईट मी मनात आणलं होतं, आता लपवून काय करू. मामाकडं दोन रात्री काढल्या. दुसऱ्या रात्री थंडी अशी की मामीनं दोन वाकळा दिल्या तरी पाय गरम होईनात. पहाटे अंगणातली बादली बघितली तर कडेला बर्फाची साय धरलेली. इंदापुरात बर्फ! पहिल्या एसटीनं मी घरी निघाले.

रस्त्यानं दोन्ही बाजूंची गवतं पांढरी दिसत होती. वस्तीच्या फाट्यावर उतरून मी पळतच रानात गेले. वरचे दहा गुंठे उभे होते. शेंड्याची पानं थोडी जांभळट, थोडी मिटलेली, पण उभी, फुलं जागेवर. आणि खालच्या दहा गुंठ्यांत पानं कढईत परतल्यासारखी काळी पडून लोंबत होती. पण मला विचित्र वाटलं ते दुसरंच. खालच्या झाडांच्या बुडाशी माती कोरडी ठणठणीत होती. मल्चिंगचा कागद उचलून हात घातला, धूळ. मोटर तर चालू होती, आवाज येत होता. ओली माती दिवसाची ऊब धरते आणि रात्री झाडाला देते, म्हणून थंडीत रान ओलं ठेवायचं हे तात्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. मग पाणी गेलं कुठं? मी ठिबकची नळी उचलून एक ड्रिपर चिमटीत दाबला. थेंब नाही. दुसरा दाबला, नाही. नखानं खरवडला, तर आतून पांढरा, ओल्या खडूसारखा गाळ निघाला. मी उठून ड्रमपाशी गेले. ड्रमच्या तळाशी तसाच पांढरा थर, वीतभर. आणि बाजूला दोन रिकाम्या पिशव्या, एक माझ्या कॅल्शियमची आणि दुसरी फॉस्फेटच्या खताची.

शेतीच्या पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल. कॅल्शियम आणि फॉस्फेट एका ड्रममध्ये कालवायचं नाही. दोघं एकमेकांना धरून बसतात, पाण्यात विरघळत नाहीत, पांढरा साका होऊन नळ्यांत जाऊन बसतात. ड्रिपरची भोकं टाचणीच्या टोकाएवढी. बुजली की संपलं. कॅल्शियम झाडाला मिळत नाही, खत मिळत नाही आणि पाणीही मिळत नाही. वरचा वॉल्व्ह वेगळा, म्हणून साका फक्त खालच्या नळ्यांत गेला होता. थंडीच्या ऐन दोन रात्री खालचं रान कोरडं पडलं होतं आणि मोटर इमानानं चालू होती.

तात्या विहिरीकडून येत होते, खांद्यावर टॉवेल, दोन रात्रींच्या जागरणानं डोळे लाल. रानाच्या चारी कोपऱ्यांत त्यांनी पाचटाचा धूर केला होता, राखेचे ढीग अजून धुमसत होते. मी त्यांच्यावर तुटूनच पडले. आठ दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "हे दोन्ही एकत्र कुणी कालवलं?" "मी." "का?" तात्या गोंधळले. "आगं, तू न्हवतीस. खालच्या रानाला कायच दिलं न्हवतं, थंडी तर अशी. म्हणलं आपुनबी पाजावं. मग म्हणलं, एकलं कशाला द्यायाचं? भाकरीसंगं कोरड्यास नको का? म्हणून ते दुसरं बी घातलं. घाटलं तर दुदावानी पांढरं झालं. मला वाटलं, ब्येस मिसाळलं." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ओरडले. "हे काय पंगत आहे का तात्या? चौथी शिकलेल्या माणसानं उगाच शहाणपण करू नये! ठाऊक नाही तर हात लावायचा नाही! माझे तीन महिन्यांचे कष्ट दोन रात्रीत मातीत घातलेत!" आई घरातून धावत आली. बांधावर आबा उभे होते, त्यांचा एक गडी उभा होता. तात्या खाली मान घालून ऐकत होते. एका शब्दानं त्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, चूक कळली म्हणून गप्प आहेत.

मग चार दिवस आम्ही ते सगळं निस्तरत बसलो. टोकं उघडून नळ्या झटकायच्या, पातळ केलेलं ॲसिड सोडायचं, आणि जे ड्रिपर तरीही उघडत नव्हते ते एक-एक करून टाचणीनं टोकरायचे. आई, तात्या, मी, तिघं एका ओळीत उकिडवे बसून. तात्यांची बोटं जाड, टाचणी निसटायची, ते पुन्हा उचलायचे. मी बघायचे आणि मुद्दाम मदत करायचे नाही. खालच्या रानातली निम्मी झाडं तरीही गेली, निम्म्यांना बुडातून नवे फुटवे आले. वरच्या रानात माल निघत होता, घट्ट, लाल, बुडाला डाग नाही. पण गाव कसलं मानतंय! आबा म्हणाले, "वरच्या रानाला हिरीची ऊब हाय, म्हणून वाचलं." दुसरा म्हणाला, "खालनं गार वारं येतंय कालव्याचं." आणि मला सगळ्यात जास्त चिडवणारी गोष्ट ही की मी त्यांना ठामपणे खोडूही शकत नव्हते. वरच्या रानाला कॅल्शियमही मिळालं होतं आणि पाणीही. खालच्याला दोन्ही नाही. वाचलं ते कशानं वाचलं, हे शास्त्रानं सिद्ध करायचं तर हा प्रयोगच फसलेला. तीन महिने राबून हातात एक धड पुरावासुद्धा नाही. त्या रात्री मी वही फाडून चुलीत घातली.

पुढं मी शेतकऱ्यांना शिकवायला लागले, गावोगावी फिरले, तेव्हा ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली. भाकरीसंगं कोरड्यास म्हटलं की हशा पिकतो, आणि कॅल्शियममध्ये काय कालवायचं नाही ते लोकांच्या कायमचं लक्षात राहतं. पण मी ती गोष्ट इथंच थांबवते. याच्या पुढचं आजवर कुणाला सांगितलं नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी आई आणि मी भाजी निवडत पडवीत बसलो होतो. पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी. मी अजून धुमसतच होते. म्हणाले, "एवढं सगळं झालं ते एका प्रश्नापायी. मला फक्त विचारायचं होतं त्यांनी, की हे त्यात घालू का? तोंड झिजलं असतं का?" आईनं हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "इचारलं हुतं की त्यांनी तुला."

"कधी?"

"तू इंदापूरला निगालीस त्याच दिशी. चुलीम्होरं बसली हुतीस, दशम्या करीत. ते दारात हुबं ऱ्हायलं. म्हणलं, नंदे, त्या तुज्या पिशवीतलं हाय, त्याच्यासंगं दुसरं खत चालतंय का गं? तू मागं वळूनसुदीक बगितलं न्हायस. म्हणलीस, पिशवीवर लिहिलंय सगळं, वाचा."

मला आठवलं. तवा आठवला, पिठाचे हात आठवले, आणि तो आवाज, माझाच, तुटक. आणि हेही आठवलं की पिशवीवरची सगळी अक्षरं इंग्रजीत होती.

"तू गेल्यावर त्यांनी चष्मा लावला," आई भाजीकडं बघत म्हणाली, "आन् पिशवी घिऊन हितंच बसलं, दिस मावळंस्तवर. हिकडून बगायचं, तिकडून बगायचं. मी म्हणलं, अवं, काय कळतंय का? तर म्हणलं, आकडं कळत्यात. मग उठलं आन् रानात गेलं."

मला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई घाटे सोलत राहिली. मी आत जाऊन बराच वेळ पाणी पीत बसले. तात्यांपुढं जाऊन सांगावं, चुकलं माझं, असं शंभर वेळा ठरवलं. उद्या सांगू, सणाचं सांगू, तीळगूळ देताना सांगू. पोटात शब्द होता आणि तोंडात येत नव्हता. दुसऱ्यावर ओरडायला मला कधी मुहूर्त लागला नव्हता, आणि हे चार शब्द बोलायला धीर होईना.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दादा बेण्याचं ठरवून आला. बरोबर शेजारचे आबाही होते, कारण बेणं त्यांच्याच रानातलं. सगळे बांधावर गेले, मीही मागं गेले. दादा खालच्या मोकळ्या ओळींकडं बोट दाखवून म्हणाला, "तात्या, ठरल्याबरहुकूम. थंडीत निम्मं रान गेलंय. निभलं न्हाय. आता सऱ्या सोडू, पंदरवड्यात ऊस लागंल. आन् नंदेचं पुण्याचं बगू." मला बोलायला तोंड नव्हतं. दादा खोटं काही सांगत नव्हता. मी पेटीतलं ते पत्र डोळ्यांपुढं आणलं आणि मनानं निम्मी पुण्याला पोचलेसुद्धा.

तात्या खाली बसून नळीचं टोक बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "रान थंडीनं गेलं न्हाय."

"मग?"

"माज्या हातानं गेलं. पोरीनं वरचं रान तिच्या इद्येनं राखलं, ते समोर हुबं हाय, बगा. खालच्याला मी हात लावला. तिनं मला बजावून सांगितलं हुतं, तात्या, हे दोन एकत्र कालवू नगा. म्या ऐकलं न्हाय. म्या माझ्या अकलेनं घातलं. तवा ठराव मोडला तो मी, तिनं न्हाय. ऊस-बिस काय लावायचा न्हाय. रान तिचं."

आबा हसले. "म्हंजी पोरीनं सांगूनबी ऐकलं न्हाईस? लई शाणा हाईस मर्दा." तात्या नळीची गाठ आवळत राहिले. दादाला ते पटलं नव्हतं, तो तात्यांना चांगला ओळखत होता, सांगितलेलं न ऐकणारे ते नव्हेत. तो माझ्याकडं वळला. म्हणाला, "व्हय का गं नंदे? तू सांगितलं हुतंस त्यांना?"

तात्यांनी तेव्हा मान वर केली. माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ना राग होता ना उपकार, फक्त मी लवकर बोलावं एवढीच घाई होती. मला खरं बोलायला एवढी चांगली संधी पुन्हा कधी मिळणार नव्हती, आणि खरं बोलले असते तर वीस गुंठे गेले असते.

"व्हय," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं हुतं."